दार, पलंग, शेगडी: फेंगशुईची सुरुवात इथून करा

फेंगशुई म्हटलं की आपल्याकडे आधी दुकान आठवतं. लाफिंग बुद्धा, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, लाल दोऱ्यात ओवलेली भोकाची नाणी, पवनघंटा. चिनी परंपरेत मात्र राहत्या घराची तीन मुख्य अंगं मानली आहेत: मुख्य दार, घरातल्या कर्त्या माणसांची झोपायची खोली आणि शेगडी. ही तीन नीट असली की बाकीचं सावकाश करता येतं. ती बिघडलेली असताना शोकेसमध्ये कितीही वस्तू मांडल्या तरी घराचा जडपणा जात नाही.

फंग म्हणजे वारा, श्वेइ म्हणजे पाणी. ग्वो फू (२७६–३२४) यांच्या नावावर असलेल्या एका जुन्या चिनी ग्रंथात मूळ सूत्र सापडतं: ‘ची’, म्हणजे जीवनऊर्जा, वाऱ्यावर बसली की विखुरते आणि पाण्यापाशी आली की थांबते. म्हणून वारा हवा, पण सुसाट नको. पाणी हवं, पण कुजलेलं किंवा गळून जाणारं नको. पुढचा प्रत्येक उपाय याच सूत्रातून निघतो. ते लक्षात ठेवलं तर कुणी काहीही सांगितलं तरी ते पटण्यासारखं आहे का, हे तुमचं तुम्हालाच ताडता येईल.

आधी अगरबत्ती लावून बघा

काहीही हलवण्याआधी घरातला वारा कसा फिरतो ते बघायचं. सकाळी पंखे बंद करा, एरवी उघड्या असतात तेवढ्याच खिडक्या उघडा, दार उघडा आणि उंबरठ्याच्या आत कंबरेच्या उंचीवर पेटती अगरबत्ती धरून दोन मिनिटं स्थिर उभे राहा. मग हॉलच्या मध्यावर, मग प्रत्येक खोलीच्या दारात असंच करा. धूर तीन तऱ्हांनी वागतो. अलगद वळत खोलीभर पसरला तर उत्तम. दारातून निघून सरळ रेषेत समोरच्या खिडकीकडे ओढला गेला, तर तिथे घराला आरपार वाट पडली आहे. आणि काडीच्या टोकावरून सरळ वर जाऊन तिथेच घुटमळत राहिला तर ती जागा कोंडलेली आहे. तिन्ही जागा कागदावर काढून ठेवा.

दार आणि बाल्कनी समोरासमोर, ही आरपार वाट आपल्या फ्लॅटमध्ये फारच आढळते. चिनी लोक याला ‘छुआनथांग शा’ म्हणतात, म्हणजे दिवाणखाना भेदून जाणारा मारक झोत. बीजिंगच्या जुन्या चौकाच्या घरांत, सहयुआनमध्ये, फाटक सहसा आग्नेय कोपऱ्यात असतं आणि आत पाऊल टाकताच समोर एक आडवी भिंत येते. तिला यिंगबी म्हणतात. आत येणाऱ्याला तिला वळसा घालावा लागतो आणि वाऱ्यालाही.

फ्लॅटमध्ये हेच काम साडेचार-पाच फूट उंचीची जाळीदार लाकडी पार्टिशन, उघड्या कप्प्यांचं शेल्फ किंवा दोन मोठ्या कुंड्या करतात. दारापासून निदान चार फूट आत, वाटेच्या बरोबर मधोमध न ठेवता थोडं एका बाजूला ठेवायचं, म्हणजे चालायला तीन फूट वाट उरते. इथे एक चूक हमखास होते: लोक बाल्कनीला जाड पडदा लावून वारा पार बंदच करून टाकतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत असं केलं तर आठ दिवसांत घराला कुबट वास येतो. झोत वळवायचा असतो, अडवायचा नसतो. पार्टिशन ठेवल्यावर पुन्हा अगरबत्ती धरून बघा. धूर वळसा घेऊ लागला की काम झालं.

मुख्य दार

दाराला फेंगशुईत घराचं तोंड म्हणतात. ऊर्जा आत येते ती इथूनच, म्हणून वेळ आणि पैसा आधी इथे घाला.

दार पूर्ण ९० अंशांत उघडलं पाहिजे. दारामागे टांगलेल्या पिशव्या, छत्र्या, क्रिकेटची बॅट, घडीची शिडी असं सगळं काढा. दार ७० अंशांवरच अडत असेल तर घरात येणारा प्रत्येक जण अंग चोरून आत येतो, आणि ऊर्जाही तशीच येते.

बिजागरी कुरकुरत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब खिळीच्या वरच्या टोकाला सोडा, दार दहा-बारा वेळा उघडझाप करा आणि ओघळलेलं तेल पुसा. खोबरेल वापरू नका. थंडीत ते थिजतं, त्यावर धूळ बसते आणि महिनाभरात आवाज परत येतो. पावसाळ्यात दार फुगून चौकटीला घासत असेल तर लगेच रंधा मारू नका. उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि मग तिथे फट राहते. तोवर घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती चोळा, आणि दिवाळीनंतर लाकूड कोरडं झालं की तरीही घासतं का ते बघून मग सुताराला बोलवा.

चपला दारासमोर पसरलेल्या नकोत. झाकणाचं रॅक, दाराच्या बाजूच्या भिंतीला लागून; समोर कधीच नाही. बाहेरच्या भिंतीवर ९ वॉटचा पिवळसर एलईडी दिवा तिन्हीसांजेला लागलेला असावा. घंटी वाजते का, नावाची पाटी वाचता येते का, तेही बघा. बंद पडलेली घंटी महिनोन्महिने तशीच राहते, कारण घरच्यांना तिची गरजच पडत नाही.

चीनमध्ये नव्या वर्षाला दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर लिहिलेल्या शुभ ओळी चिकटवतात, आणि ‘फू’, म्हणजे सौभाग्य, हे अक्षर मुद्दाम उलटं लावतात, कारण ‘उलटं’ आणि ‘आलं’ हे दोन शब्द चिनी भाषेत सारखेच ऐकू येतात. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, हा नेमही तिथे आहे. आपलं तोरण, रांगोळी, उंबरठ्यावरचं हळदकुंकू हेच काम करतं. ते काढून तिथे चिनी नाणी लटकवायची काही गरज नाही. फक्त वाळून काळं पडलेलं आंब्याच्या पानांचं तोरण दिवाळीपर्यंत ठेवू नका. सुकलेली पानं दारावर राहणं फेंगशुईत वाईटच मानतात.

दारासमोर लिफ्ट किंवा खाली उतरणारा जिना असेल तर ऊर्जा दारातून आत येण्याऐवजी तिकडे ओढली जाते असं मानतात. फ्लॅट बदलता येत नाही, पण उंच उंबरठा, जाड पायपुसणं आणि दाराच्या एका बाजूला भरगच्च पानांची कुंडी एवढं करता येतं. जिन्याची आणि लिफ्टची वाट मात्र मोकळी ठेवा. आग लागली तर त्याच वाटेने सगळ्यांना पळायचं असतं.

अष्टकोनी पाकुआ आरसा दाराबाहेर लावायचा सल्ला बरेच जण देतात. आमचं मत स्पष्ट आहे: लावू नका. हा आरसा समोरून येणारा मारक झोत परत फेकतो असं मानलं जातं, म्हणजे तो झोत समोरच्या शेजाऱ्याच्या दारात जाणार. खुद्द चिनी वस्त्यांत यावरून भांडणं होतात. घरात तर तो कधीच लावायचा नसतो.

पलंग

बीजिंगचा राजवाडा बघा. उत्तरेला पाठीशी चिंगशान टेकडी, दक्षिणेला पुढ्यात वाहती सुवर्णजल नदी. ती टेकडी नैसर्गिक नव्हे. खंदक खणताना निघालेली माती रचून ती उभी केली. पाठीला आधार आणि समोर मोकळी जागा, एवढ्यासाठी एवढा खटाटोप. पलंग आणि काम करायचं टेबल यांना हाच नियम लागतो, त्याला ‘अधिकाराची जागा’ म्हणतात.

पलंगावर पडल्यापडल्या मान फार न वळवता खोलीचं दार दिसलं पाहिजे, पण पाय सरळ दाराच्या रेषेत नकोत. चीनमध्ये मृताला पायांकडून बाहेर काढतात, म्हणून त्या स्थितीला शवपेटीची स्थिती म्हणतात. दारापासून तिरकस दूरचा कोपरा बहुतेक खोल्यांत बरोबर बसतो. डोकं भक्कम भिंतीला. खिडकीखाली डोकं येतच असेल तर जाड पडदा आणि निदान तीन फूट उंचीचं लाकडी हेडबोर्ड.

दोन्ही बाजूंनी उतरता आलं पाहिजे. हिशोब करून बघा: १० बाय १० ची खोली, २ फूट खोल कपाट, ५ फूट रुंद पलंग. उरले ३ फूट, दोन्हीकडे दीड-दीड. दीड फुटात माणूस चालतो, पण कपाटाचं दोन फुटी दार उघडत नाही. तिथे सरकती दारं हवीत. जोडप्याच्या पलंगाची एक बाजू भिंतीला टेकवली तर आत झोपणाऱ्याला रोज दुसऱ्याला ओलांडून उतरावं लागतं. फेंगशुईत याचा अर्थ त्या जोडीदाराला घरात जागाच नाही असा घेतात, आणि ते मला अगदी रास्त वाटतं.

डोक्यावर सिमेंटची तुळई किंवा माळा नको. सहा इंच सरकूनही तुळई डोक्यावरून छातीवर येत असेल तर काही साधलं नाही. ती शरीराच्या बाहेर जाईल इतका पलंग सरकवा. जमत नसेल तर त्या बाजूला सपाट फॉल्स सीलिंग. माळ्यावरच्या जड बॅगा निदान डोक्याच्या वरून हलवा. बॉक्सच्या पलंगात फक्त अंथरुणं-पांघरुणं ठेवा. जुनी बिलं, बंद पडलेला मिक्सर, कुणाच्या तरी आजारपणातल्या फायली यांच्यावर झोपायचं नाही.

हेडबोर्डमागे संडास-बाथरूमची भिंत असेल तर ती बदला. ऊर्जेचं कारण आहेच, शिवाय रात्री फ्लशचा आवाज थेट उशाशी येतो आणि ओल झिरपत असेल तर भिंतीला लागलेली गादी मागून काळी पडते.

आरसा पलंगासमोर नको. कपाटालाच आरसा असेल तर रात्री त्यावर पडदा ओढा किंवा दुधी फिल्म चिकटवा. घरातल्या कोणत्याही आरशात सगळ्यांत उंच माणसाचं डोकं कापलेलं दिसू नये. आरशाची वरची कड त्याच्या डोक्याच्या निदान अर्धा फूट वर हवी. मुख्य दारासमोर आरसा नको, कारण आत आलेलं तसंच परत जातं. जेवणाच्या टेबलाशेजारी मात्र जरूर लावा. ताटातलं अन्न दुप्पट दिसणं शुभ मानतात.

उत्तरेकडे डोकं, म्हणजेच दक्षिणेकडे पाय करून झोपू नये हा आपल्याकडचा दंडक, फेंगशुईत असा सरसकट नियम नाही. तुमच्या घरात तो पाळत असतील तर पाळा. ‘अधिकाराची जागा’ त्यातूनही बहुधा साधते.

शेगडी

शेगडी म्हणजे घराची बरकत. सगळे बर्नर चालू पाहिजेत. एकच बर्नर वापरत बसू नका, आलटून पालटून वापरा. ज्योत निळी हवी. पिवळी आणि भांड्याला काजळी धरणारी असेल तर बर्नरच्या भोकांत उतू गेलेलं दूध, आमटी जळून बसलेली असते. शेगडी गार झाल्यावर रेग्युलेटर बंद करा, बर्नर उचलून अर्धा तास गरम पाण्यात साबण घालून ठेवा, एकेक भोक टाचणीने मोकळं करा, जुन्या टूथब्रशने घासा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. ओला बर्नर बसवला की ज्योत फडफडते आणि पुन्हा पिवळी होते. तरीही पिवळी राहिली तर जेट बुजलेला असू शकतो. तो शेगडीवाल्याकडूनच साफ करून घ्या.

शेगडी आणि सिंक चिकटून नकोत: आग आणि पाणी भांडतात. मध्ये दोन फूट अंतर असावं. नसेल तर चिनी पंचतत्त्वांचा (पाणी, लाकूड, आग, माती, धातू) क्रम कामाला येतो. पाण्यातून लाकूड पोसतं, लाकडातून आग, म्हणून दोघांमध्ये लाकडाची किंवा हिरव्या रंगाची वस्तू ठेवायची. जाड लाकडी पाट किंवा पोळपाट सिंकच्या बाजूला उभा करून ठेवा. बर्नरपासून तो फूटभर तरी लांब राहू द्या, आणि तिथे प्लॅस्टिकची हिरवी वेल तर मुळीच नको.

खिडकीखालची शेगडी वाऱ्याने विझते, आणि गॅस सुरूच राहतो. खालचं तावदान बंद ठेवून वरचं उघडं ठेवा. स्वयंपाक करताना पाठ दाराकडे येत असेल तर ओट्यावरच्या टाइलवर, बर्नरच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर चकचकीत स्टीलचा छोटा पत्रा बसवा. मागून कोण आलं ते दिसतं, दचकायला होत नाही. काचेचा आरसा उष्णतेने तडकू शकतो, आणि तडकलेला आरसा घरात ठेवायचा नसतो.

पाणी

कँटोनीज बोलीत ‘पाणी’ हा शब्द पैशालाही वापरतात. गळका नळ म्हणजे गळता पैसा हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नळाखाली लिटरचा मग ठेवून एक तास मोजा. पाव भरला तरी दिवसाला सहा लिटर गेले. बहुतेक वेळा आतलं वॉशर झिजलेलं असतं. आधी वरचा कॉक बंद करा, मगच नळ खोला.

संडासचं झाकण आणि दार बंद, फरशी कोरडी, एक्झॉस्ट चालू. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमचा वास येतो त्याचं कारण बहुधा नहाणी ट्रॅप सुकलेला असतो. त्यातलं पाणी आटलं की ड्रेनेजची हवा आणि झुरळं सरळ वर येतात. आठवड्यातून एकदा त्यात दोन मग पाणी ओता. एवढ्याने बाथरूममधली ‘वाईट ऊर्जा’ गेल्याचं पुष्कळ घरांत दिसेल.

लकी बांबू हा बांबू नव्हेच. तो ड्रॅसेना सँडेरियाना, मूळचा मध्य आफ्रिकेतला. चार काड्या घेऊ नका, चिनी भाषेत ‘चार’चा उच्चार ‘मृत्यू’च्या जवळ जातो. मुळं बुडतील एवढंच पाणी, दीड-दोन इंच. थेट उन्हात पानं करपतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने टोकं तपकिरी होतात, म्हणून पाणी आदल्या रात्री उघड्या भांड्यात भरून ठेवा. पिवळी पडलेली काडी परत हिरवी होत नाही. ती काढा, नाहीतर बाकीच्याही सडतात. पाणी दर आठवड्याला बदला आणि भांडं आतून घासा. डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, आणि डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. मनी प्लांटलाही हेच लागू. त्याची पानं चघळली तर लहान मुलांच्या आणि मांजरांच्या तोंडाची आग होते, तो उंचावर ठेवा.

कारंजं किंवा मत्स्यपेटी हॉलमध्ये, पाण्याचा ओघ घराच्या आतल्या बाजूला. झोपायच्या खोलीत पाणी नको. गोलाकार बरणीत गोल्डफिश ठेवू नका. त्याला मोठी टाकी आणि फिल्टर लागतो, बरणीत तो गुदमरतो, आणि मरणपंथाला लागलेला मासा घरात ठेवून कोणतंही भलं होत नाही.

दिशा बघायच्याच असतील तर

चिनी परंपरेत उत्तर पाण्याची, दक्षिण आगीची, पूर्व आणि आग्नेय लाकडाची, पश्चिम आणि वायव्य धातूची, नैर्ऋत्य आणि ईशान्य मातीची. आपल्या वास्तुशास्त्रात ईशान्य पाण्याची आणि आग्नेय अग्नीची. म्हणजे ईशान्येला पाणी ठेवलं की वास्तू खूश, पण फेंगशुईत माती-पाण्याचा झगडा. दोन्ही पुस्तकं उघडून घर लावायला बसलात तर एकही कोपरा ठरणार नाही. दिशांसाठी एकच पद्धत धरा. घर आधीच वास्तूप्रमाणे लावलेलं असेल तर फेंगशुईतून फक्त दार, पलंग, शेगडी आणि मोकळी वाट एवढंच घ्या. त्यात दिशांचा तंटा येत नाही. दारापासून दिशा मोजणारा नकाशाही पुस्तकांत दिसतो. तो लिन युन यांनी अमेरिकेत रुजवलेल्या पंथाचा आहे, होकायंत्रवाला नव्हे. दोन्ही एकत्र करू नका.

मोबाइलच्या कंपासवर डोळे मिटून विसंबू नका. आधी फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवा. लोखंडी सेफ्टी डोअर, फ्रीज, इन्व्हर्टर आणि कॉलममधल्या सळया यांच्यापासून चार-पाच फूट लांब, फोन जमिनीला समांतर धरून तीन ठिकाणी माप घ्या. तिन्हींत दहा अंशांहून जास्त फरक पडला तर कंपास फसतो आहे. इमारतीबाहेर जाऊन भिंतीच्या रेषेत पुन्हा मोजा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची उत्तर जवळजवळ एकच. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना मात्र साधारण १२-१३ अंशांचा फरक पडतो, आणि फेंगशुईत चुंबकीय उत्तर धरतात.

केव्हा करायचं

एका दिवसात सगळं घर हलवू नका. एक बदल, मग आठ-दहा दिवस थांबणं, मग पुढचा. नाहीतर झोप सुधारली ती पलंगामुळे की पडद्यामुळे, हे कळणार नाही.

मोठी सफाई चिनी लोक वर्ष संपताना करतात. बाराव्या चांद्रमासाच्या २३ किंवा २४ तारखेला चूलदेवतेला निरोप दिला की झाडलोट सुरू होते. हाँगकाँगकडे ‘अठ्ठावीसला मळ धुवा’ अशी म्हणच आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी झाडू हातात घेत नाहीत, नुकतंच आलेलं भाग्य झाडलं जाईल म्हणून. नंतर झाडतानाही केर दाराकडून आत ओढतात आणि मागच्या बाजूने टाकतात. पुढचं चिनी नववर्ष गाठायचं असेल तर २०२७ साली ते ६ फेब्रुवारीला आहे. आपली दिवाळीची सफाई त्यासाठी तितकीच चांगली. क्रम एवढाच ठेवा: आधी माळा, मग पलंगाखालचं, मग ओटा, आणि सगळ्यांत शेवटी उंबरठा पुसून दिवा लावायचा.